पंचाचे कान

गोरेगाव पश्चिमेचं एक मैदान, डिसेंबरातली सकाळ, १७ वर्षांखालील मुलींचा सॉफ्टबॉलचा सामना. दवाने फक्कीच्या रेषा ओलसर झाल्या होत्या. होम प्लेटवरची माती झटकून मी कॅचरच्या मागे वाकून उभा राहिलो. डगआउट म्हणजे एका अंगाला झाडाखालचा सिमेंटचा बाक, दुसऱ्या अंगाला भाड्याने आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. उपनगरातल्या शालेय सॉफ्टबॉलला याहून जास्त थाट क्वचितच मिळतो.

तिसऱ्या इनिंगमध्ये एक बारकीशी, सावळी मुलगी बॅट घेऊन आली. ती पाय रोवतेय तोच कॅचर मास्कच्या आतून तिच्या रंगावरून एक शब्द बोलली. हळूच, पण मला स्वच्छ ऐकू जाईल असा. मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी समोर पिचरकडे पाहत राहिलो. पुढच्या तीन चेंडूंत ती बाद झाली. शेवटच्या चेंडूला तर तिने बॅट खांद्यावरून खालीही आणली नाही.

पाचव्या इनिंगमध्ये तीच कॅचर धावत तिसऱ्या बेसकडे निघाली. तिथे ही सावळी मुलगी उभी होती. चेंडू अजून लांब होता. तिने दोन्ही हातांनी धक्का दिला आणि कॅचर तोंडावर आपटली. मी धक्का देणारीला लगेच सामन्यातून बाहेर काढलं. तिच्या संघाच्या मॅडम आल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "सर, तिने असं का केलं, एकदा विचारा तरी तिला." मी म्हणालो, "मॅडम, धक्का मला दिसला. तेवढं पुरे आहे." विचारायची गरजच नव्हती. कारण मला ठाऊक होतं.

त्याच सामन्यात थोड्या वेळाने खुर्च्यांच्या बाजूने कुणीतरी "डोळे घरी ठेवून आलात का" असं माझ्यावर ओरडलं. मी खेळ थांबवला आणि त्या संघाच्या सरांना जागच्या जागी ताकीद दिली.

एका मुलीच्या रंगावरचा शब्द मी कानाआड केला आणि माझ्या डोळ्यांवरचा शेरा क्षणभरही सहन केला नाही. पंचगिरी करणाऱ्या बहुतेकांच्या हातून हे होतं, आणि सॉफ्टबॉलमधल्या अखिलाडू वर्तनाचा प्रश्न इथूनच सुरू होतो असं माझं मत आहे. नियम कमी आहेत म्हणून टोमणे वाढत नाहीत. पंचाचे कान स्वतःच्या मानापमानाला तीक्ष्ण आणि खेळाडूच्या मानापमानाला बोथट असतात, म्हणून ते वाढतात.

अमेरिकेत बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या पंचांना वाद हाताळण्याच्या चार पायऱ्या शिकवतात. आधी दुर्लक्ष करा, मग ऐकल्याची खूण द्या, मग ताकीद द्या आणि शेवटी बाहेर काढा. ही शिडी शहाणपणाची आहे, पण ती कोणासाठी बांधलेली आहे ते पाहायला हवं. निर्णय न पटलेला प्रशिक्षक पंचावर चिडतो, तेव्हा पहिली पायरी दुर्लक्षाची असणं योग्यच. चिडलेल्या माणसाला एक वाक्य बोलू द्यावं, वाफ निघून जाते. पण शेरा पंचावर नसून समोरच्या खेळाडूवर असेल, तर दुर्लक्षाची पायरी वापरायचा अधिकार पंचाला उरतच नाही. जे माझ्यावर फेकलं गेलं ते सोडून देणं हा माझा मोठेपणा असू शकतो. जे एका पंधरा वर्षांच्या मुलीवर फेकलं गेलं ते तिच्या वतीने मी सोडून देणारा कोण? तिथे शिडी दुसऱ्या पायरीपासून सुरू व्हायला हवी, आणि काही शब्दांसाठी थेट चौथीपासून.

कानाआड केलेला शब्द संपत नाही, हे आपल्याकडच्या फार मोठ्या खेळाडूच्या बाबतीतही दिसलं आहे. १९८१ च्या फेब्रुवारीतली मेलबर्न कसोटी. सुनील गावस्कर आणि चेतन चौहान यांची सलामीची भागी १६५ वर पोचली होती. ७० धावांवर गावस्करांना पंच रेक्स व्हाइटहेड यांनी डेनिस लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागला, असं गावस्करांचं म्हणणं होतं. ते नाराजीने परतायला लागले, मग अर्ध्यातून वळले आणि चौहानलाही सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाले. संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी यांनी सीमारेषेवर चौहानला अडवून परत पाठवलं आणि दिलीप वेंगसरकर खेळायला आले, म्हणून तो सामना वाचला. पुढे ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत आटोपला आणि भारताने ५९ धावांनी विजय मिळवला.

चुकीच्या पायचीतावरून गावस्कर भडकले, अशीच या प्रसंगाची आठवण कितीतरी वर्षं सांगितली गेली. त्यांनी स्वतः नंतर सांगितलं की निर्णयाने ते दुखावले होते खरे, पण पावलं मागे वळली ती परतताना ऑस्ट्रेलियन खेळाडूंकडून ऐकाव्या लागलेल्या शिवीगाळीमुळे. आपल्या वागण्याचा त्यांना पुढे खेदही वाटला. जगाला दिसलं ते गावस्करांचं वागणं. जे शब्द त्याच्या आधी उच्चारले गेले ते कुठल्याच चित्रफितीत नीट ऐकू येत नाहीत. मैदानावर दुसरा वार करणाराच पकडला जातो, कारण पहिला वार बहुधा आवाजाचा असतो आणि दुसरा हाताचा. गोरेगावच्या त्या मुलीचा धक्का मला दिसला, ते याच कारणाने.

आता सॉफ्टबॉलकडे. या खेळात टोमण्याला इतकी जागा का मिळते, ते त्याच्या घडणीत आहे. १८८७ मध्ये शिकागोतल्या एका बोट क्लबच्या दालनात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, जमलेल्या तरुणांनी बॉक्सिंगच्या जुन्या हातमोज्याचा चेंडू आणि काठीची बॅट करून हा खेळ सुरू केला. बंद दालनात जन्मलेला खेळ म्हणून त्याची अंतरं आखूड राहिली. दोन बेसमधलं अंतर ६० फूट. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पिचर आणि होम प्लेट यांच्यात ४३ फूट. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची असते, हे लक्षात घेतलं म्हणजे फरक कळेल. कॅचर तर बॅटरच्या हातभर मागे बसलेली असते, आणि बेसवर पोचलेली खेळाडू प्रतिस्पर्धी क्षेत्ररक्षकाच्या खांद्याला खांदा लावून उभी असते. पुटपुटलेलं वाक्यही इथे पोचतं. त्यात हा खेळ बोलका. डगआउटमधून टाळ्या, घोषणा, गाणी चालू असतात आणि ती असायलाच हवीत. अमेरिकेतल्या मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये संघांची स्वतःची ठेक्यातली गाणी असतात. आपल्याकडेही सॉफ्टबॉलच्या राष्ट्रीय महासंघाला १९६१ पासूनचा इतिहास आहे आणि महाराष्ट्राच्या मुली हा खेळ जोमाने खेळतात. त्यांच्या डगआउटमधला कल्ला ऐकला की मला आनंद होतो. तो बंद पाडणारा पंच मला आवडत नाही.

मग रेघ कुठे ओढायची? या प्रश्नाला मराठी माणसाकडे एक जुनं उत्तर आहे. आखाड्यात पैलवान शड्डू ठोकतो. कबड्डीत चढाईला निघालेला मांडीवर थाप मारतो. हे आव्हान आहे, त्याला कुणी अखिलाडू म्हणत नाही. कारण शड्डू लढतीच्या आधी, समोर उभ्या असलेल्या बरोबरीच्या माणसासाठी असतो. त्यात 'ये, दाखव' असं बोलावणं आहे. समोरचा चितपट झाल्यावर त्याच्या छातीशी जाऊन तीच थाप मारली, तर ती थाप वेगळी होते. सॉफ्टबॉलच्या पंचाने हेच दोन प्रश्न मनात धरावेत. आवाज कोणाकडे वळलेला आहे, आणि तो कोणत्या वेळी आला? आपल्या पिचरला धीर देणारी आरोळी कितीही मोठी असो, ती चालेल. प्रतिस्पर्धी पिचरचा हात फिरायला लागल्यावर तिचं नाव घेऊन केलेली कुजबूज चालणार नाही. होमरन मारून उड्या मारणं चालेल. बाद झालेली मुलगी परत जात असताना तिच्याकडे बोट दाखवून हसणं चालणार नाही. आवाजाची पट्टी मोजत बसलेला पंच गोंगाट करणाऱ्या निष्पाप संघाला शिक्षा करतो आणि हळू बोलणाऱ्या खवचट मुलीला सोडून देतो.

सॉफ्टबॉलच्या नियमांत फसवणुकीचे आणि लक्ष विचलित करण्याचे प्रकार बरेच बारकाईने टिपलेले आहेत. क्षेत्ररक्षकाने बॅटरच्या नजरेच्या रेषेत मुद्दाम उभं राहणं, किंवा तिचं चित्त उडावं म्हणून चाळे करणं, याला प्रचलित नियमपुस्तकांत पिच बेकायदा ठरवण्याची आणि त्या खेळाडूला बाहेर काढण्याची तरतूद आहे. चेंडू हातात नसताना टॅग केल्याचा आव आणला तर तो अडथळा धरला जातो. चेंडू घेऊन उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकावर धावणारी मुद्दाम आदळली, तर ती बाद होते, आणि प्रकार गंभीर असेल तर सामन्याबाहेरही जाते. या सगळ्यांत पंचाला काहीतरी दिसतं. शब्दांबाबत मात्र नियमपुस्तक अखिलाडू वर्तन असं एक रुंद शीर्षक देतं आणि बाकीचं पंचाच्या विवेकावर सोपवतं. ताकीद द्यायची की थेट बाहेर काढायचं, हे तोच ठरवतो. बाहेर काढलेली खेळाडू किंवा प्रशिक्षक जायला तयार नसेल, तर संघाने सामना गमावला असं जाहीर करता येतं, आणि सात इनिंगच्या या खेळात अशा सामन्याचा निकाल ७–० असा नोंदवला जातो. एवढी मोठी ताकद हातात असलेल्या माणसाने ती वापरायची वेळ येण्याआधीच काम करावं.

ते काम कसं होतं, हे मी माझ्याहून जुन्या पंचांना पाहून शिकलो. सगळ्यात चांगलं साधन म्हणजे प्लेट पुसायचा छोटा ब्रश. शब्द कानावर आला की 'टाइम' म्हणायचं, कॅचर आणि बॅटर यांच्या पुढे यायचं, पाठ पिचरकडे करायची आणि वाकून प्लेट पुसायला लागायचं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं माती साचली आहे. तेवढ्यात खालच्या आवाजात कॅचरला सांगायचं, "तो शब्द मी ऐकला. पुन्हा नको." संपलं. 'काय म्हणालीस?' असं विचारू नये, कारण त्याचं उत्तर 'काही नाही, सर' असंच येतं आणि मग तिच्या खोट्याचाही निवाडा करावा लागतो. 'चांगल्या घरच्या मुली असं बोलतात का' असलं प्रवचन तर मुळीच देऊ नये. त्यात दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा अपमान दडलेला असतो. सगळ्यांसमोर माफी मागायला लावणं मला पटत नाही. ओठांतून काढून घेतलेली माफी पुढच्या इनिंगमध्ये धक्का होऊन परत येते.

उठताना एकदा बॅटरकडे पाहावं. काही बोलायचं नाही, फक्त मान हलवायची. तिला एवढंच कळायला हवं असतं की तिने ऐकलं ते आणखी कुणीतरी ऐकलं. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्या सकाळी मी एवढं जरी केलं असतं तरी पाचव्या इनिंगमधला धक्का टळलाच असता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तिने माझ्याकडे पाहिलं होतं, आणि ते पाहणं म्हणजे पंचाकडे केलेलं अपीलच होतं.

इनिंग बदलताना बेस अम्पायरला जवळ बोलावून काय ऐकलं, कोणाला काय सांगितलं, ते शब्दांत सांगून ठेवावं. दोघांपैकी एकाने ताकीद दिली आणि दुसऱ्याला पत्ता नाही, असं झालं की खेळाडू दोघांकडून एकेक ताकीद घेतात आणि दोन्ही पहिल्याच ठरतात. गुणलेखकाकडे नोंद करावी. मग दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना एकत्र बोलवावं, एकट्या दोषी संघाच्या प्रशिक्षकांना नव्हे. एकट्याला बोलावलं की बाकावरच्या पंधरा मुलींना आणि त्यांच्या पालकांना वाटतं, पंच आपल्यावर उठला आहे. चालू खेळात कुणी काही बोललं तर खेळ आधी पूर्ण होऊ द्यावा. धावणाऱ्या मुलीची धाव पंचाच्या रागापायी अडकू नये.

प्रशिक्षक आणि कप्तान यांच्यावर भिस्त ठेवणं का फळतं, याचं अलीकडचं उत्तम उदाहरण क्रिकेटमधलं आहे आणि ते आपल्याच माणसांचं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये कोइम्बतूरला दुलीप करंडकाची अंतिम लढत, पश्चिम विभाग विरुद्ध दक्षिण विभाग. पश्चिमेचा कप्तान अजिंक्य रहाणे. दुसऱ्या डावात २६५ धावा ठोकून सामना फिरवणारा यशस्वी जयस्वाल तेव्हा वीस वर्षांचा. शेवटच्या दिवशी दक्षिणेचा फलंदाज रवी तेजा याच्याशी जयस्वाल वारंवार शाब्दिक चकमक करत होता. पंचांनी त्याला समज दिली. तो थांबला नाही, तेव्हा पंच रहाणेशी बोलले. रहाणेने आधी त्याला समजावलं, आणि तरीही बोलणं सुरू राहिल्यावर त्याला मैदानाबाहेर जायला सांगितलं. काही षटकांनंतर जयस्वाल परत आला. पश्चिम विभाग २९४ धावांनी जिंकला आणि सामन्याचा मानकरीही जयस्वालच ठरला.

रहाणेचं कौतुक त्या वेळी सगळ्यांनी केलं, आणि ते रास्तच होतं. मला पंचांबद्दल बोलायचं आहे. त्यांनी तीन गोष्टी नीट केल्या. ऐकलं, वेळीच टोकलं आणि मग निर्णय अशा माणसाच्या हाती दिला ज्याचं त्या मुलाने मनापासून ऐकलं असतं. क्रिकेटच्या नियमांचीही दिशा आता हीच आहे. ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालेल्या संहितेत ४२ वा नियम खेळाडूंच्या वर्तनासाठी आहे. त्यात अपराधाच्या चार पातळ्या केल्या आहेत. खालच्या पातळीवर ताकीद आणि पाच दंडधावा, तिसऱ्या पातळीवर काही षटकं मैदानाबाहेर, चौथ्या पातळीवर उरलेला सामनाभर बाहेर. आणि बाहेर काढताना पंच त्या खेळाडूच्या कप्तानाला सांगतो की याला मैदानाबाहेर पाठव. कबड्डीत हिरवं, पिवळं, लाल अशी तीन कार्डं आहेत. पिवळं मिळालेला खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो. या दोन मिनिटांचा मला हेवा वाटतो. सॉफ्टबॉलमध्ये ताकीद आणि कायमचं बाहेर यांच्यामध्ये अशी विसाव्याची जागा नाही. म्हणून ती जागा प्रशिक्षकाकडून मिळवावी लागते. "मॅडम, तिला एक इनिंग बाकावर बसवता का? नाहीतर पुढच्या शब्दाला मला तिला काढावं लागेल." हे वाक्य मी पुढच्या वर्षांत अनेकदा वापरलं, आणि बहुतेक मॅडमनी आणि सरांनी मुलीला बसवलं.

आपल्याकडे पंचाचा हात आणखी एका कारणाने थबकतो, आणि त्याबद्दल उघडपणे कुणी बोलत नाही. महाराष्ट्रात शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, आणि जिल्हा, विभाग, राज्य असा जिना चढत गेलेल्या खेळाडूला दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत मिळू शकते. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मोतीलालनगरच्या बैठ्या घरातल्या किंवा आरेतल्या पाड्यावरच्या मुलीला ही प्रमाणपत्रं म्हणजे घराबाहेर पडायचा रस्ता असतो. तिला सामन्यातून काढताना पंचाला तिचा बाप दिसतो, निकालपत्रक दिसतं. म्हणून तो गप्प बसतो आणि याला दयाळूपणा समजतो. मीही समजत होतो. पण जिला टोमणा मारला तिच्यापुढेही तेच प्रमाणपत्र आहे, आणि ती चित्त विस्कटल्याने तीन चेंडूंत बाद होते. माझी दया एकीला मिळाली आणि किंमत दुसरीने मोजली. पहिल्या इनिंगमध्ये प्लेट पुसायला वाकणारा पंच शेवटच्या इनिंगमध्ये कुणाचं प्रमाणपत्र हिरावत नाही, म्हणून खरी दया लवकर ऐकण्यात आहे.

कोणते शब्द ताकिदीचे आणि कोणते थेट बाहेर काढण्याचे, हे प्रत्येक पंचाने सामन्याआधी स्वतःशी ठरवून ठेवावं. 'हिला बॅट धरता येत नाही' हा टोमणा आहे, त्याला ताकीद पुरे. रंग, शरीर, जात, धर्म, भाषा, घरची गरिबी यांवरचा शब्द आला की ताकीद नाही. उघड आणि गंभीर वर्तनाला आधी ताकीद द्यायलाच हवी असं नियम कुठेही म्हणत नाहीत. जातीवरून चारचौघांत केलेला अपमान तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत जाऊ शकतो, आणि मग ती बाब फक्त मैदानाची राहत नाही. आणि पंचाला भाषा कळायला हव्यात. गोरेगावच्या एका संघात मराठी, हिंदी, गुजराती, तुळू, तमिळ, भोजपुरी बोलणाऱ्या मुली असतात. एकाच शब्दाचं वजन दोन घरांत दोन असतं. 'जाडी' हे एखाद्या गटात प्रेमाचं नाव असतं, आणि प्रतिस्पर्ध्याने उच्चारलं की तीच शिवी होते. अर्थ कळला नाही तर ज्या मुलीवर बोललं गेलं तिचा चेहरा पाहावा. शब्दकोशापेक्षा तो लवकर उत्तर देतो.

मुंबईच्या क्रिकेटला 'खडूस' हे विशेषण अभिमानाने लावलं जातं, आणि उपनगरातली मुलं तो शब्द ऐकतच वाढतात. खडूसपणा म्हणजे विकेट सहजी न देणं, हरत असतानाही हात न टेकणं. त्यात तोंडाळपणा कुठेच नाही. गोरेगावला सिद्धार्थनगरातल्या प्रबोधन क्रीडाभवनात १९७२ साली स्थापन झालेल्या 'प्रबोधन गोरेगाव'चा आंतरशालेय क्रीडा महोत्सव भरतो. तिथे शेकडो मुलं-मुली एकमेकांशी चुरशीने लढताना दिसतात. ती चुरस पाहून वाटतं, मुलांना आक्रमकता शिकवावी लागत नाही. तिची दिशा तेवढी मोठ्यांनी सांभाळावी.

मोठे मात्र अनेकदा स्वतःच आवाजाचं उगमस्थान असतात. १७ ऑक्टोबर २००७ रोजी वानखेडेवर भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामन्यात अँड्र्यू सायमंड्सला पाहून काही प्रेक्षकांनी माकडाचे हावभाव केले. पोलिसांनी त्यांतल्या काहींना स्टेडियमबाहेर काढलं. आपल्या शहराच्या मैदानावर हे घडलं, याची लाज मला आजही वाटते. शालेय सामन्यात पोलीस नसतात, प्रेक्षक म्हणजे पालक. पंचाने पालकाशी थेट भांडू नये, तो त्याच्या अधिकारातला भागच नाही. आयोजकांना किंवा त्या संघाच्या प्रशिक्षकांना बोलावून सांगावं की ते गृहस्थ दोरीबाहेर गेल्याशिवाय पुढचा चेंडू पडणार नाही. आणि मग खरोखरच थांबावं.

त्या ऑक्टोबरनंतर तीनच महिन्यांनी सिडनीत हरभजनसिंग आणि सायमंड्स यांचा वाद झाला. हरभजन नेमकं काय बोलला यावर दोन देशांचे संबंध ताणले गेले. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वंशद्वेषी शब्दाचा आरोप सिद्ध झाला नाही असं ठरवून ती उठवली आणि शिवीगाळीबद्दल दंड तेवढा ठेवला. दुसऱ्या टोकाला फलंदाजी करणाऱ्या सचिन तेंडुलकरची साक्ष त्यात महत्त्वाची ठरली. मैदानावरच्या पंचांनी तो शब्द ऐकलेला नव्हता. ऐकला असता तर कोण खरं आणि कोण खोटं यावर इतके दिवस वादळ उठलं नसतं.

म्हणून अहवाल. सामना संपला की पंचाने त्याच दिवशी, मैदान सोडायच्या आधी, अहवाल लिहावा. इनिंग, धावसंख्या, बाद किती, कोणत्या क्रमांकाची खेळाडू, कोणाला उद्देशून. आणि शब्द जसाच्या तसा. 'अपशब्द वापरला' असं लिहिलं की समितीला काहीच कळत नाही, आणि सहा महिन्यांनी स्वतः पंचालाही आठवत नाही. घाणेरडा शब्द स्वच्छ अक्षरात लिहिताना हात अडखळतो. तरी लिहावा. समितीसमोर शब्दच नसेल, तर ज्या मुलीने तो ऐकला तिच्या बाजूने कागदावर काहीही उरत नाही.

त्या डिसेंबरातल्या सामन्याचा अहवाल मीही तिथेच, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून लिहिला होता. त्यात पाचवी इनिंग आहे. तिसरा बेस आहे. दोन्ही हातांनी धक्का आहे, तो देणाऱ्या मुलीच्या जर्सीचा क्रमांक आहे, आणि खाली माझी सही आहे. तिसऱ्या इनिंगबद्दल एकही ओळ नाही.